हॅरिस पार्कचा चोर

सिडनीत हॅरिस पार्क स्टेशनला उतरून विग्रॅम स्ट्रीटला लागलं, की आधी नाकात शिरतो तो फोडणीचा वास. डोसा, चाट, मिठाई, साड्या, सगळं एका रस्त्यावर. या भागाला ‘लिटल इंडिया’ म्हणतात ते उगाच नाही. भाची जवळच राहते. “मावशी, इथे खायला यायचं असतं, बघायला नाही,” असं तिचं ठाम मत. मला मात्र रूस स्ट्रीटवर जायचं होतं, एका चोराचं शेत बघायला.

शेत अर्थातच उरलेलं नाही. त्या जागी एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज आहे: बैठं घर, उतरतं छप्पर, पुढे ऐसपैस व्हरांडा. नॅशनल ट्रस्ट ते सांभाळतो. रोज उघडं नसतं, तेव्हा वेळा बघूनच निघा. आतलं जुनं लाकडी सामान देखणं आहे, पण ते चोराचं नव्हे. घर बांधलं पुढच्या मालकाने, डॉ. जॉन हॅरिसने, १८३०च्या दशकात. हॅरिस पार्क हे नाव त्याच्यावरूनच पडलं. चोराच्या वाट्याला शेजारची गल्ली आली.

या चोराचं नाव जेम्स रूस. कॉर्नवॉलमधल्या लॉन्सेस्टनजवळ शेतीकामात वाढलेला. १७८२ साली बॉडमिनच्या कोर्टात त्याच्यावर घरफोडी शाबीत झाली. चोरीच्या मालात मुख्य म्हणजे चांदीची दोन घड्याळं. शिक्षा फाशीची! तेव्हा इंग्लंडात दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती, पण बऱ्याच जणांची शिक्षा नंतर हद्दपारीवर यायची. रूसचीही तशीच सात वर्षांच्या हद्दपारीवर आली. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. साहेबाने हा उद्योग आधी घरच्याच गोरगरिबांवर करून बघितला होता.

अडचण एवढीच, की पाठवायचं कुठे? पूर्वी असे कैदी अमेरिकेत जायचे. वसाहतींनी बंड केलं आणि ते दार बंद झालं. मग प्लिमथच्या बंदरात ‘डंकर्क’ नावाच्या मोडक्या जहाजावर रूसला कोंडून ठेवलं. मे १७८७ मध्ये पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली, त्यांतल्या ‘स्कारबरो’वर तो होता. जानेवारी १७८८ मध्ये ती सगळी ऑस्ट्रेलियाला पोचली.

इथून गोष्ट खरी रंगते. या नव्या वसाहतीचा गव्हर्नर फिलिप, त्याच्याकडे कैदी भरपूर, पण शेती येणारा माणूस शोधूनही सापडेना. सिडनीच्या खाडीकाठची जमीन रेताड, पीक धरेना. बोटीतून आणलेल्या धान्याचं रेशन कमी कमी होत चाललं. अशात १७८९ मध्ये रूस म्हणाला, माझी सात वर्षं भरली, मला जमीन द्या. त्याची शिक्षा संपल्याचा कागद इंग्लंडहून आलेलाच नव्हता! फिलिपने तरी नोव्हेंबरमध्ये त्याला इथे पॅरामॅटाकडे (तेव्हाचं रोज हिल) दीड एकर साफ केलेली जमीन, बियाणं, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या. एका माणसाला पोट भरायला किती वेळ लागतो, हे सरकारला बघायचं होतं. एक्सपेरिमेंट म्हणतात तो हाच.

वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी शेतावर जाऊन रूसची माहिती लिहून ठेवली. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. तोडलेली झाडं जागेवरच जाळायची, राख कुदळीने जमिनीत खणून घालायची, ढेकळं फोडायची, गवत गाडायचं, मग जमीन उन्हावाऱ्यात पडू द्यायची आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा उलथायची. पेंढा खड्ड्यात पुरून खत करायचाही त्याचा बेत होता. वाचताना आमच्या कोकणातला राबच आठवला. नांगर नाही, बैल नाही, घाई अजिबात नाही. रोज थोडीच जमीन, पण नीट. गावाने ज्याला नको म्हणून समुद्रापार टाकलं, त्याच्या हातातलं गावचंच कसब इथे सरकारला हवंहवंसं झालं.

फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने सांगितलं, आता मला सरकारी रेशन नको. मग तीस एकर त्याच्या नावावर झाले. या वसाहतीतली ही पहिली अशी जमीन. बायको एलिझाबेथ पेरी हीसुद्धा कैदी म्हणूनच आलेली.

सरकारी कोठाराचे हाल मात्र चालूच होते. जून १७९२ मध्ये कलकत्त्याहून ‘अटलांटिक’ जहाज आलं, त्यात तांदूळ, सोजी आणि डाळ. म्हणजे या भागात डाळ विग्रॅम स्ट्रीटच्या हॉटेलांआधी दोनशे वर्षं पोचली होती. गोऱ्यांना ती काही रुचली नाही. भाचीला हे सांगितल्यावर तिला प्रथमच रूसमध्ये रस वाटला.

रूसने १७९३ मध्ये शेत हॅरिसला चाळीस पौंडांना विकलं आणि तो हॉक्सबरी नदीकाठी गेला. माती तिथे सोन्यासारखी, पण पुराची. शिवाय ती मोकळी नव्हती. इथले मूळ रहिवासी, धारुग लोक, त्याच काठावर कंद खणून जगत. ते कंद उपटून तिथे मका लावल्यावर मारामाऱ्या आणि रक्तपात झाला. ‘पहिला शेतकरी’ म्हणून रूसचं कौतुक वाचताना ही बाजू सहसा वगळलेली दिसते. मला ते खटकलं.

रूस १८३७ मध्ये वारला. त्याला कॅम्पबेलटाउनच्या कॅथलिक दफनभूमीत पुरलं. थडग्याच्या दगडावर कविता आहे, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली: आईने मायेने वाढवलं, आणि या वसाहतीत आल्यावर पहिलं धान्य मी पेरलं, असा तिचा आशय.

हा दावा मात्र पुरता खरा नाही. सरकारी शेतात धान्य त्याच्या आधीच पेरलं होतं आणि रोज हिलच्या सरकारी शेताचा कारभार बघत होता फिलिपचा नोकर हेन्री डॉड. डिसेंबर १७८९ मध्ये तिथलं पीक निघालं, तेव्हा रूसच्या शेताची नुकती सुरुवात होती. डॉड जानेवारी १७९१ मध्ये गेला. पॅरामॅटाच्या सेंट जॉन्स दफनभूमीत त्याचं थडगं आहे, आणि ऑस्ट्रेलियात मूळ जागी टिकलेल्या युरोपियन थडग्यांत ते सर्वांत जुनं मानतात. हॅरिस पार्कहून पायी जाता येतं. दगडावर कविता वगैरे काही नाही, नाव आणि साल एवढंच.