कल्पनेतल्या मुलखाचा जोडीनाच

आज गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आमच्या हौशी नाट्यमंडळींची तालीम झाली आणि ज्या नाचाला कोणताही भूतकाळ नाही, तो परंपरागत कसा वाटेल, यावरच बहुतेक वेळ गेला. नाटकातील मिठागरांवर जगणाऱ्या काल्पनिक जमातीत लग्न ठरलेले जोडपे 'दोरवी' नाचते. दोघे परस्परांना स्पर्श न करता ओल्या पंच्याची दोन टोके धरतात आणि पंचा सैल पडला की जोडी बाद होते. फुगडीत दोघींचे भार एकमेकींना तोलून धरतात, तेच तत्त्व येथे घेतले आहे. मात्र गिरकी वगळली, कारण मिठागराच्या अरुंद बांधावर गिरक्या घेणारी जमात फार दिवस टिकली नसती.

तालासाठी रूपक हा हिंदुस्थानी संगीतातला ताल निवडला आणि खरी गंमत तेथेच आहे. रूपकाच्या मात्रा (तालाचे ठोके) ७, विभाग ३-२-२ आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर, म्हणजे टाळी न देता हात उघडून दाखवायच्या जागी. मात्रेगणिक एक पाऊल टाकले, तर आकडा विषम असल्याने एक आवर्तन (सात मात्रांची एक फेरी) उजव्या पायाने सुरू झाले की पुढचे आपोआप डाव्याने सुरू होते. हा पायबदल होताच पुढाकारही जोडीदाराकडे जातो, असा नियम आम्ही केला. त्यामुळे वधूने पुढे व्हायचे की वराने, हा वाद त्या जमातीत उद्भवतच नाही. (आपल्याकडच्या लग्नांत तो कसा सुटावा, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.)

पोशाख अद्याप ठरलेला नाही. तबलावादकांना शेवटी लय द्रुत, म्हणजे जलद, हवी आहे. माझ्या मते पंच्याचा ताण विलंबित, म्हणजे संथ, लयीतच प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल आणि पुढील तालमीत मी तोच आग्रह धरणार आहे.