तुम्ही विचारलंत म्हणून: एचडी वाहिन्यांसाठी कोणाचे कनेक्शन घ्यावे?

‘सर, एचडी चॅनेल बघायचे आहेत, कोणाचं कनेक्शन घेऊ?’ हा प्रश्न मला नाशिकमध्ये इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. मी नोकरीभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि आता इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीची देखभाल पाहतो, त्यामुळे विचारणाऱ्याला माझ्याकडून कंपनीचे एक नाव हवे असते. ते नाव मी लगेच सांगत नाही, कारण एकाच इमारतीतल्या समोरासमोरच्या दोन बिऱ्हाडांनाही एकच उत्तर लागू पडेल असे नसते. माझ्या मते कंपनी ही सर्वांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे. तुमच्या गच्चीवरून आकाश कोणत्या बाजूला मोकळे दिसते आणि घरात खरोखर कोणत्या वाहिन्या पाहिल्या जातात, हे आधी ठरले पाहिजे.

त्याच्याही आधी टीव्हीकडे पाहावे. साध्या वाहिनीचे चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचे असते आणि पूर्ण एचडी चित्र 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे, म्हणजे बरोबर पाचपट. हा फरक डोळ्यांना जाणवायला पडदा पुरेसा मोठा आणि बसण्याची जागा पुरेशी जवळ लागते. बत्तीस इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहणाऱ्या घराने एचडीसाठी दरमहा जास्त पैसे मोजावेत, असे मी कधीच सुचवत नाही. त्रेचाळीस इंचांपासून पुढे मात्र फरक स्पष्ट दिसतो, आणि ज्येष्ठांना पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येऊ लागतात, हा फायदा मला क्रिकेटपेक्षाही मोलाचा वाटतो.

एचडीचे पैसे भरूनही एचडी न पाहणारी घरे मी बरीच पाहिली आहेत. आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बोलावून सांगितले, ‘सर, एचडीचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरतोय, पण मालिकेतली माणसं अजून पुसटच दिसतात.’ टीव्ही नवा, त्रेचाळीस इंची होता आणि सेट टॉप बॉक्सही एचडीचाच होता. पण दोघांना जोडणारी वायर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची जुनी होती. त्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. बॉक्सबरोबर आलेली एचडीएमआय केबल रिकाम्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता ठेवलेली होती. ती जोडली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन 576 वर असलेले चित्र 1080 वर नेले आणि वाहिनीचा एचडी क्रमांक लावला, कारण साधी वाहिनी आणि तिची एचडी आवृत्ती यांचे क्रमांक वेगळे असतात आणि बोट सवयीने जुन्याच क्रमांकावर जाते. वहिनी दोन पावले पुढे येऊन म्हणाल्या, ‘अगंबाई, हिच्या पैठणीचे काठ आत्ता दिसले मला!’ कंपनी बदलण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी टीव्हीच्या मागे हात घालून ही वायर पाहावी.

आता आकाशाकडे येतो, कारण नाशिकमध्ये निवड बहुतेक वेळा इथेच ठरते आणि याचविषयी सर्वांत कमी विचार केला जातो. डीटीएच म्हणजे उपग्रहावरून थेट आपल्या घरच्या छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, येणारी सेवा. तिचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, जमिनीवरून पाहिल्यास एकाच जागी स्थिर असतात. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आणि 74 अंशांच्या किंचित अलीकडच्या पूर्व रेखांशावर आहे, तर आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह त्याच्या पूर्वेकडच्या रेखांशांवर आहेत. म्हणून आपल्या शहरातली प्रत्येक छत्री दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या पट्ट्यात तोंड करून उभी असते. नाशिककराला सोप्या शब्दांत सांगायचे, तर छत्रीची पाठ पेठ रस्त्याकडे आणि तोंड सिन्नरच्या बाजूला असते. ज्यांच्या सदनिकेला केवळ उत्तरेची किंवा पश्चिमेची बाल्कनी आहे, त्यांना बाल्कनीत छत्री लावून कोणत्याही कंपनीचे चित्र मिळणार नाही. त्यांना गच्चीच हवी आणि त्यासाठी सोसायटीची परवानगीही हवी.

पण सिन्नरची बाजू म्हटली तरी सगळ्या छत्र्या एकाच बिंदूकडे पाहत नाहीत. टाटा प्लेची सेवा 83 अंश पूर्वेवरच्या उपग्रहांवरून येते, डीटूएचची 88 अंशांवरून, डिश टीव्हीची 95 अंशांवरून आणि एअरटेलची 108 अंशांच्या आसपासहून. नाशिकहून पाहिले तर 83 अंशांचा उपग्रह दक्षिणेपासून थोडासाच पूर्वेला आणि क्षितिजापासून सुमारे 64 अंश, म्हणजे बराच उंच दिसतो. उलट 108 अंशांचा उपग्रह बराच पूर्वेकडे झुकलेला आणि सुमारे 45 अंशांवर, म्हणजे तुलनेने खाली असतो. याचा अर्थ एक सेवा चांगली आणि दुसरी वाईट असा मुळीच नाही. दोघींना आकाशाचा वेगवेगळा तुकडा मोकळा लागतो, एवढाच तो अर्थ आहे. समजा, तुमच्या गच्चीपासून पंधरा मीटरवर आग्नेयेला नवी इमारत उभी राहिली आणि ती तुमच्या गच्चीपेक्षा सहा मजल्यांनी उंच झाली, तर 45 अंशांवर पाहणाऱ्या छत्रीला तिची भिंत आडवी येईल, पण 64 अंशांवर पाहणाऱ्या छत्रीचे चित्र तसेच चालू राहील. दुसऱ्या एखाद्या गच्चीवर दक्षिणेला लगटून पाण्याची टाकी असेल आणि पूर्व मोकळी असेल, तर हाच हिशेब उलटा होईल. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, गोविंदनगर या भागांत दोन मजली बंगल्यांशेजारी उंच इमारती उभ्या राहत आहेत, तिथे आजचे मोकळे आकाश पुढच्या काही वर्षांतही मोकळे राहील का, याचा अंदाज घ्यायलाच हवा. मोबाइलमधले होकायंत्र घेऊन गच्चीवर जावे आणि त्या दिशेचा शेजारचा प्लॉट रिकामा आहे का ते पाहून यावे.

पावसाची तक्रार सगळ्याच डीटीएच सेवांबाबत ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. आपल्याकडे छत्रीवर येणाऱ्या लहरींची तरंगलांबी अवघी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि दाट पावसाचे थेंब त्या शोषून व विखरून टाकतात. परिणाम ठरतो तो पाऊस किती वेळ पडतो यावर नव्हे, तर किती जोराने पडतो यावर. म्हणूनच श्रावणातली दिवसभराची रिपरिप चित्राला फारसा त्रास देत नाही, आणि मे महिन्याच्या अखेरीस किंवा परतीच्या पावसात संध्याकाळी येणारी जोरदार सर मात्र काही मिनिटे चित्र घालवते. कंपनी बदलल्याने हा त्रास जात नाही. छत्री उपग्रहावर अचूक लावलेली असेल, छत्रीच्या पुढच्या एलएनबीच्या, म्हणजे लहरी पकडणाऱ्या छोट्या डबीच्या, जोडात पाणी शिरत नसेल आणि गच्चीपासून घरापर्यंतची वायर मध्ये तोडून जोडलेली नसेल, तर तो बराच कमी होतो, कारण मग पावसात थोडा सिग्नल गेला तरी पुरेसा शिल्लक राहतो.

छत्री लावायलाच जागा नसेल, तर केबल हा दुय्यम पर्याय आहे असे समजू नये. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत, रविवार कारंजाच्या परिसरातल्या वाड्यांत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून आकाशाचा योग्य तुकडा शोधणेच अवघड असते आणि तिथे केबल वर्षानुवर्षे चालत आली आहे. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात 38 शहरे होती, त्यांत नाशिकही होते, आणि त्यासाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. तेव्हापासून केबलवरही सेट टॉप बॉक्स आणि एचडी वाहिन्या आल्या. केबलला पावसाचे भय कमी असते. तिचा कमकुवतपणा वेगळा असतो: रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्याची, वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही पडदा काळा होतो, आणि एका वायरीला इमारतीत फार फाटे फुटले की शेवटच्या बिऱ्हाडात चित्रावर चौकोन पडू लागतात, तेही आधी एचडीवरच. म्हणून केबल घेताना मुख्य कंपनीपेक्षा तुमच्या गल्लीतला केबलवाला कसा आहे, हे महत्त्वाचे ठरते. सामन्याच्या दिवशी फोन केल्यावर तो माणूस पाठवतो का, याची चौकशी शेजाऱ्यांकडे करावी. ज्या गल्लीत असा तत्पर माणूस आहे, तिथे मी केबलच सुचवतो.

खर्चाच्या बाबतीत 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या दररचनेने आपल्याला एक चांगला अधिकार दिला, आणि तो न वापरणाऱ्यांचे मला वाईट वाटते. त्या दिवसापासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक झाले आणि हवी तेवढीच वाहिनी घेण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला शंभर साध्या वाहिन्यांपर्यंतचे नेटवर्क शुल्क, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीशिवाय जोडणीसाठी द्यायचे पैसे, कमाल 130 रुपये, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे होते, आणि एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली जाई. 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या मिळू लागल्या, आणि जुलै 2024 मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनीला ‘नेटवर्क शुल्क किती?’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. नुसत्या पॅकच्या आकड्यावरून तुलना होत नाही.

नियमानुसार एकाच पॅकमध्ये एका वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्या ठेवता येत नाहीत. तरीही घरोघरी दुहेरी पैसे जातात, कारण मूळ मराठी पॅक साध्या वाहिन्यांचा असतो आणि वर झी मराठी एचडी किंवा स्टार प्रवाह एचडी सुटी घेतलेली असते, किंवा दुसऱ्या पॅकमधून आलेली असते. एचडी घेतली की तिची साधी आवृत्ती काढून टाकावी. त्यासाठी आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष काय पाहिले ते कागदावर लिहावे. मराठी मालिकांच्या दोन-तीन वाहिन्या, खेळाच्या एक-दोन आणि एखादी चित्रपटांची एवढ्याच एचडीमध्ये घ्याव्यात. बातम्यांना एचडीची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. यादी हातात असली की कंपन्यांची तुलना सोपी होते. घरात तमिळ किंवा कन्नड वाहिन्या रोज लागत असतील, तर सन डायरेक्ट या डीटीएच सेवेचा विचार आवर्जून करावा. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नाही, पण तिचा भर साध्या वाहिन्यांवर आहे, त्यामुळे एचडीच्या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही.

एचडीचा शिक्का सारखा असला तरी चित्र सारखे असतेच असे नाही. उपग्रहाच्या किंवा केबलच्या ठरावीक जागेत जास्त वाहिन्या बसवण्यासाठी चित्र दाबले जाते, आणि जास्त दाबले की वेगवान दृश्यात ते मळकट होते. दुकानातल्या टीव्हीवर हे कळत नाही, कारण तिथे खास तयार केलेली चित्रफीत चालू असते. ज्या सेवेचा विचार चालू आहे ती असलेल्या शेजाऱ्याकडे सामन्याच्या वेळी जावे आणि चेंडू सीमेकडे पळत असताना मैदानावरचे गवत पाहावे. गवताची पाती दिसत राहिली तर चित्र चांगले. हिरवा लगदा झाला तर नाही. कबड्डीच्या चढाईतही हे तितकेच स्पष्ट दिसते.

इंटरनेटवरूनच सगळे पाहावे का, असे तरुण मंडळी विचारतात. फायबरची जोडणी भरवशाची असेल तर जरूर पाहावे, पण थेट सामन्याचे चित्र तिथे काही सेकंद मागे असते आणि शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो. शिवाय आजीला क्रमांक दाबून वाहिनी लावायची सवय असते, ती ॲपमध्ये मिळत नाही. ज्या घरात तीन पिढ्या एकाच टीव्हीसमोर बसतात तिथे रिमोटवर क्रमांक असलेली सेवा ठेवावी, असाच माझा आग्रह असतो.

‘तुमच्याकडे कोणतं आहे?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आमच्या गच्चीची पूर्व बाजू शेजारच्या इमारतीने झाकली आहे आणि दक्षिण मोकळी आहे, म्हणून आमची छत्री 83 अंशांकडे, म्हणजे टाटा प्लेच्या उपग्रहांकडे, पाहते. तुमच्या गच्चीवर पूर्वही मोकळी असेल, तर माझ्या निवडीमागचे हे कारण तुम्हाला लागू होत नाही आणि तुम्ही यादी व दर पाहून ठरवायला मोकळे आहात. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, त्यामुळे बदलण्याचा खर्च तुमच्याच अंगावर पडतो. म्हणून स्वस्त पडते म्हणून वर्षाचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नयेत. छत्री लावायला आलेल्या माणसाला बॉक्सच्या मेनूमधून सिग्नलची ताकद आणि दर्जा यांचे आकडे पडद्यावर आणायला सांगावे आणि स्वच्छ आकाश असताना त्यांचा फोटो काढून ठेवावा. पुढे चित्र अडकू लागले की तेच आकडे पुन्हा पाहावेत. ते बरेच घसरलेले असतील, तर छत्री हलली आहे, वायर खराब झाली आहे किंवा आकाशात काहीतरी आडवे आले आहे, आणि तक्रार नोंदवताना हे आकडे सांगितले की ‘बॉक्स बंद करून चालू करा’ यापलीकडचे बोलणे सुरू होते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पहिला वळीव येऊन जाईपर्यंत महिन्या-महिन्याचे रिचार्ज करावे. तेवढ्यात गच्ची, वायर आणि दुरुस्तीला येणारा माणूस या तिघांचीही परीक्षा होऊन जाते, आणि त्यानंतर वर्षभराचे पैसे भरायला हरकत नाही.