पेरणी यंत्राची नळी आणि उंदराचं घर

नवतपा तापतोय, मृगाला आठ-दहा दिवस उरलेत. कळमेश्वरच्या वावरातलं पाच फणी पेरणी यंत्र काल ताडपत्रीखालून काढलं. चेन गंजून आखडलेली. बाबा म्हणाले, "काऊन रे, ठेवताना वंगण लावलं नव्हतं का?" नव्हतं लावलं, काय सांगणार!

बियाणं खाली सोडणाऱ्या नळ्यांपैकी दुसरीत उंदरानं सुतळीचे धागे आणि टरफलं कोंबून घर केलेलं. नळी दोन ठिकाणी कुरतडलेली. नवी कॉटन मार्केटकडून आणली. फणही एकदाचे पाजवून घेतले.

खरी गंमत बियाणं मोजण्यात. सोयाबीन हेक्टरी 75 किलो, ओळींत 45 सेंमी अंतर. चाकाचा घेर 1.6 मीटर, जॅकवर उचलून 20 वेळा फिरवलं. म्हणजे 32 मीटर चाल, सव्वादोन मीटर रुंदी, 72 चौरस मीटर. नळ्यांना बांधलेल्या पिशव्यांत 540 ग्रॅम यायला हवं होतं, आलं 700! गेल्या साली दाट का उगवलं, ते आता कळलं. बियाणं कमी-जास्त करायचा खटका दोन खाचा मागे घेतला, तेव्हा 550 वर आलं. बाबांनी तरीही मूठभर दाणे हातात घेऊन फुटलेले शोधलेच.

आता 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईस्तोवर यंत्र गोठ्यातच.