फॅन बंद केलाय, उशी दिलीय

पहाटे चारला फोन वाजला. "फॅन बंद केलाय, डोक्याखाली उशी दिलीय, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवलाय, किती वेळात पोचताय?" ही वाक्यं मी वर्षानुवर्षं भाऊंच्या तोंडून ऐकत आलोय. यावेळी आवाज त्यांच्या मुलीचा होता, आणि गेलंय कोण हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळच लागला.

मी नेत्रपेढीत टेक्निशियन आहे. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत पोचायचं, बुब्बुळं काढायची, तपासणीसाठी थोडं रक्त घ्यायचं आणि निघायचं. भाऊ आमचे कार्यकर्ते. धंदा फॅब्रिकेशनचा, दिवसभर गेट, ग्रिल, जिने, त्यावरच घर चालवलं, पोरांची शिक्षणं केली, आणि गावात कुणी गेलं की रात्री कितीही वाजता हातपाय धुवून हा माणूस त्या दारात हजर. घरात माणूस गेलेला असताना "नेत्रदान करता का" हे विचारायला काय लागतं ते विचारणाऱ्यालाच माहीत. आमच्याकडे या कामाचा पगार घेणारे लोक आहेत, त्यांना फॉर्म भरून घेता येतो, भाऊंसारखं अर्धा तास नुसतं गप्प बसता येत नाही.

गेलो. अंगणात सगळे ओळखीचे. खोलीत उजेड, रिकामं टेबल, सहीचा कागद, सगळं तयार होतं, मुलीने बापाचं बघून बघून शिकलेलं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही अख्खा डोळा काढतो आणि चेहरा विद्रूप होतो. तसं नाही, फक्त कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला आम्ही बुब्बुळ म्हणतो, आणि त्याभोवतीची पांढऱ्या भागाची दोन-तीन मिलिमीटरची कड घेतो. आधी बीटाडीनने सगळं स्वच्छ करायचं, मग कडेने गोल कापत जायचं, आणि शेवटी बुब्बुळ आतल्या रंगीत पडद्यापासून सोडवताना चिमटा फक्त त्या कडेला लावायचा. खरं कसब इथंच आहे. अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक पापुद्रा, तो मध्ये जरा जरी दुमडला तर आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि माणसात त्या परत तयार होत नाहीत. माझ्या हातून आलेल्या बुब्बुळावर घडी सापडत नाही हे मी छाती ठोकून सांगतो. नंतर आत प्लॅस्टिकची टोपी बसवून पापण्या मिटल्या की घरच्यांनाही फरक कळत नाही.

पण हे सगळं करायच्या आधी टॉर्च मारून बघायचं असतं. उजव्या डोळ्यात बरोबर मध्यावर पांढुरका डाग. डाव्यातही तसाच, थोडा लहान. ग्राइंडरची ठिणगी. लोखंडाचा बारीक कण उडून बसतो, तिथे गंज धरतो, आणि नीट काढला नाही तर डाग कायमचा राहतो. वर दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, म्हणजे पेशी आधीच कमी झालेल्या असणार. डोळ्यात कण गेल्याचं ते मला एकदा बोलले होते. मी हसत म्हणलं होतं, "भाऊ, जपा, आम्हाला लागणारेत." डॉक्टरकडे जा म्हणायचं सोडून हे.

मला तिथेच कळलं होतं. कुणाला काही बोललो नाही, नेहमीसारखं काम केलं, बुब्बुळं मीडियमच्या, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटल्यांत टाकून बर्फाच्या डब्यात ठेवली आणि निघालो. गाडीत बसेपर्यंत ग्रुपवर मेसेज फिरायला लागला होता, "जाता जाताही दोघांना दृष्टी देऊन गेले". आमच्याच माणसाने टाकलेला. तपासणी व्हायच्या आधी हे टाकू नका म्हणून मी किती वेळा भांडलोय, पण फोटो-हार-मेसेज यात जी मजा आहे ती पेशी मोजणाऱ्या स्पेक्युलर मायक्रोस्कोपच्या रिपोर्टात नाही.

रिपोर्ट आला. दृष्टीसाठी रोपण करायचं तर साधारण 2000 पेशी लागतात, एका चौरस मिलिमीटरला. भाऊंच्या उजवीकडे 1100, डावीकडे 1350. नुसता डाग असता तर आतला थर वापरता आला असता, नुसत्या पेशी कमी असत्या तर पुढचा. इथे दोन्ही. जंतुसंसर्गाने बुब्बुळ सडलेला एखादा इमर्जन्सी पेशंट आला असता तरी डोळा वाचवायला उपयोग झाला असता, पण आमच्या मीडियमची मुदत चार दिवस, आणि त्या चार दिवसांत कुणी आलं नाही. शेवटी शिकाऊ डॉक्टरांना टाके घालायच्या सरावाला दिली.

भाऊ भाषणात झिर्मची गोष्ट हमखास सांगायचे. 1905 साली डॉक्टर एडुआर्ड झिर्मने बुब्बुळाचं पहिलं यशस्वी रोपण केलं ते चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर, आणि बुब्बुळ घेतलं ते एका मुलाच्या डोळ्यातून, जो लोखंड घुसल्यामुळे काढावाच लागला होता. बसवलं दोन्ही डोळ्यांत, टिकलं एकातच. हे शेवटचं वाक्य भाऊ सांगायचे नाहीत. मीच ते गाळायला सांगितलं होतं त्यांना, लोकांना कशाला गोंधळात टाकायचं म्हणून.

आभारपत्राचा आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, त्यात "दोन अंध व्यक्तींना दृष्टी लाभली" हे आधीच छापलेलं. मी ते वाक्य काढून प्रिंट मारली. सरांनी न वाचता सही केली.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन. "दादा, कुणाला मिळाले ते सांगत नाहीत हे माहितीये मला, फक्त बायकांना का पुरुषांना एवढं सांगा." खोटं बोलणं सोपं होतं, नियमाच्या आड लपणं त्याहून सोपं. मी सांगितलं, डागाचं पण सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "गॉगल कायम खिळ्यालाच असायचा त्यांचा. अजून आहे."