मोठी फाईल कशानं पाठवू?

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा भरते, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली नाटकं. नाटक कंपन्यांची ऑफिसं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात, आमचं फ्लेक्स-डिझाईन आणि व्हिडिओ एडिटिंगचं दुकानही वडशातच. त्यामुळे होळीपर्यंत दुकानात एकच प्रश्न फिरत असतो: “ताई, मोठी फाईल कशानं पाठवाची जी?” पोस्टरवाले विचारतात, नाटकाचं शूटिंग करणारी पोरं विचारतात, लग्नाचा अल्बम नागपूरला छापायला धाडणारे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

विचारणाऱ्याला एका ॲपचं नाव पाहिजे असतं. मी उलट विचारते: घेणारा कोण, तो फाईल कशावर उघडणार, आणि आज उघडणार की पंधरा दिवसांनी? कुठे किती जीबी फुकट मिळतात ते सगळ्यात शेवटी बघायचं. लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

फ्लेक्सचंच घ्या. नायकाचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला की व्हॉट्सॲपने तो आधीच दाबलेला असतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तो वीस फुटी बॅनरवर ताणला तर फुटाला ऐंशी ठिपके मिळतात. मग नायक कोण आणि खलनायक कोण, हे मिशांवरूनही सांगता येत नाही. तोच फोटो क्लिपच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाईल अशी जाते. म्हणजे दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर त्यांच्या खिशातच असतं, दुसरं काही शोधायची गरजच नाही. घेणाऱ्याला लॉगिन करा, लिंक उघडा असं शिकवावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. टेलिग्रामवरही एक फाईल २ जीबीपर्यंत फुकट जाते, पण आमच्या गिऱ्हाइकांत टेलिग्रामवाले कमी. ईमेलची गोष्ट सोडूनच द्या. जीमेलमध्ये २५ एमबीच्या वर गेलं की जीमेल स्वतःच फाईल गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कोठारात, टाकून लिंक पाठवतं.

खरी अडचण नाटकाच्या रेकॉर्डिंगची. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि झुंजूमुंजू व्हायला आलं तरी चालूच असतं. एडिट करून आठ एमबीपीएसने (सेकंदाला आठ मेगाबिट) फाईल काढली तरी तासाला साडेतीन जीबीच्या वर जाते. पाच तासांचं नाटक म्हणजे १८ जीबी. आता पोरं मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून मला डाउनलोडचा आकडा दाखवतात, चाळीस आहे म्हणतात. पाठवताना त्या आकड्याचा काही उपयोग नाही, खालचा अपलोडचा बघा. शिवाय तो मेगाबिटमध्ये असतो. मेगाबाइट हवे तर आठने भागा. दहाचा अपलोड सलग मिळाला तर १८ जीबीला चार तास लागतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दोनचा मिळाला तर वीस तास, आणि रोजच्या दीड जीबीचा पॅक असेल तर विषयच संपला, कारण अपलोडही त्याच पॅकमधून कापला जातो.

आणि मधे विजेची लाईन जाते. ती जाणारच हे धरूनच आमच्याकडे सर्व्हिस निवडावी लागते. ब्राउझरमधून फाईल चढवत असाल आणि कॉम्प्युटर बंद पडला, तर बहुतेक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या फाईलला मी कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं ॲपच टाकून ठेवलं आहे. लाईन आली, मशीन सुरू झालं, की उरलेलं काम ते आपणहून पुढे नेतं. रात्री लावून झोपायचं. माझ्या लेखी ही एकच सोय बाकी दहा गुणांच्या वर आहे, आणि शहरातला माणूस सल्ला देताना हिचं नावही घेत नाही, कारण त्याला ती कधी लागतच नाही.

ड्राइव्हचा मात्र एक ठरलेला घोळ आहे. फाईल चढली, लिंक पाठवली, आणि रात्री नऊला नागपूरच्या प्रेसमधून फोन: “मॅडम, उघडत नाहीये, परवानगी मागतंय.” लिंक कॉपी करण्याआधी ‘शेअर’मध्ये जाऊन खाली ‘जनरल ॲक्सेस’ बघायचं. तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर ज्याचा ईमेल तुम्ही घातला आहे त्यालाच ती उघडते. ते बदलून ‘एनीवन विथ द लिंक’ करायचं, आणि शेजारी ‘व्ह्यूअर’च ठेवायचं, ‘एडिटर’ नाही. मग ती लिंक दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवर उघडून बघायची. आपल्या मोबाईलवर ती उघडणारच, ती आपलीच आहे.

वीट्रान्सफरसारख्या सर्व्हिसची तऱ्हा वेगळी. ती कोठार नव्हे, टपालपेटी आहे: फाईल टाका, लिंक द्या, ठरलेल्या मुदतीत समोरच्याने उतरवून घ्यायची, मग ती पुसली जाते. फुकट वापरणाऱ्याला आधी आठवडा मिळायचा, पुढे तो तीन दिवसांवर आला. प्रेसवाला नागपुरात कॉम्प्युटरसमोर बसला असेल तर ही उत्तम, कारण तुमची जागा अडत नाही. पण नवरीच्या मामाला भामरागडमध्ये व्हिडिओ पाठवायचा असेल आणि तो नेटवर्क असलेल्या गावी आठवडी बाजारालाच येत असेल, तर तीन दिवसांची लिंक त्याच्या हाती येईस्तोवर मेलेली असते.

आणखी एक. कोणत्याही एका सर्व्हिसला जीव लावू नका. २०२० च्या मे महिन्यात दूरसंचार विभागाने वीट्रान्सफर तेव्हा भारतात बंद करायला लावलं होतं आणि ज्यांचं सगळं काम त्यावर चालायचं ते एका दिवसात अडकले. त्याच वर्षी जूनमध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात शेअरइट आणि झेंडर गेले. गावागावात पोरं त्यावरूनच गाणी-व्हिडिओ द्यायची-घ्यायची. फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांनी २०१९ मध्ये ‘सेंड’ नावाची चांगली सर्व्हिस काढली होती, चोरांनी तिच्यातून व्हायरस पाठवायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ती बंद झाली. म्हणून मूळ फाईल आपल्या हार्डडिस्कवर राहू द्यायची, लिंकच्या भरवशावर ती पुसायची नाही.

नाटक लिहिणारेही विचारतात, संहिता कुठे टाकली तर चोरीला जाणार नाही? २०२५ च्या जुलैमध्ये वीट्रान्सफरच्या नव्या अटींवरून ओरड झाली. लोकांच्या फाईल एआयला शिकवायला वापरणार असा अर्थ त्यातून निघत होता. कंपनीने तसं करत नसल्याचं सांगितलं आणि तो मजकूर बदलला. संहितेची पीडीएफ तशीही लहान असते. व्हॉट्सॲपवर, जिथे मधल्या कोणाला वाचता येत नाही, तिथून पाठवा आणि ग्रुपवर टाकू नका. चोरी बहुतेक वेळा ग्रुपवरूनच होते. मोठी आणि खाजगी फाईल असेल तर मेगा नावाची सर्व्हिस आहे. त्यात फाईल आपल्याच मशीनवर कुलूपबंद होऊन वर जाते, पण लिंकसोबत किल्लीही जाते, तेव्हा ती लिंक ज्याच्या हाती पडली त्याला फाईल उघडते. लेकीबाळींचे लग्नातले फोटो, आधार कार्ड, सातबाऱ्याच्या प्रती ‘एनीवन विथ द लिंक’वर महिनोन् महिने पडू देऊ नका. समोरचा “उतरली जी” म्हणाला की शेअरिंग बंद करा. आणि ज्या साइटवर ‘डाउनलोड’ची चार बटणं दिसतात आणि त्यातली तीन जाहिराती असतात, तिथे गिऱ्हाइकाला पाठवूच नका. तो नेमकं चुकीचं बटण दाबतो.

घेणारा समोरच बसला असेल तर इंटरनेट कशाला? अँड्रॉइडमधलं क्विक शेअर दोन फोनमध्ये थेट फाईल पोचवतं, डेटा लागत नाही. मंडईत पाहुणे असतात तेव्हा माझं निम्मं वाटप असंच होतं.

पूर्ण नाटक गावातल्या मंडळाला द्यायचं असेल तर मी सरळ पेनड्राइव्ह देते, नेटवर चढवत बसत नाही. १८ जीबी वर चढवायचे आणि तिकडे त्याने स्वतःच्या पॅकमधून उतरवायचे, म्हणजे दोन्हीकडून खर्च. पेनड्राइव्ह मात्र बघून घ्या. एफएटी३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. एक्सफॅट केलं तर बसते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक अंकाची वेगळी फाईल काढायची आणि एखादा अंक ४ जीबीच्या वर जात असेल तर त्याचेही दोन भाग करायचे. टीव्हीवर चालतं, आणि एखाद्याला फक्त लावणीच पाहायची असेल तर तोही खूश. नागपूरच्या कामालाही कधीकधी पेनड्राइव्हच बरा. सकाळच्या एसटीने कोणी जाणारं असलं तर दुपारी पोचतो, आमच्या नेटच्या आधी.

पैसे भरून जागा घ्यावी का? गूगलची १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. ती भरली की नुसतं ड्राइव्ह थांबत नाही, ईमेल येणंही बंद होतं, आणि बँकेचा नाहीतर शाळेचा मेल आला नाही की तेव्हा लोक दुकानात धावत येतात. महिन्याला चार-पाच नाटकं शूट करत असाल तर हंगामापुरता १०० जीबीचा प्लॅन घ्या, महिन्याच्या महिन्याला. बंद करण्याआधी जागा १५ च्या खाली आणा. लग्नाचे एकदोन अल्बम पाठवायचे असतील तर एक पैसा खर्चू नका, कामापुरता वेगळा जीमेल काढा आणि ड्राइव्ह त्यावरच चालवा.