अर्धा खोपा

धाकट्या भावासाठी तीन वर्षांपासून स्थळं बघायलोत. वय 29, बीएस्सी ॲग्री, केज तालुक्यात सहा एकर रान. मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून बायोडेटा माझ्याच गळ्यात पडला. 'शेती : 6 एकर बागायत' हे मीच टाइप केलं. खरं तर दोन एकराला पाणी पुरतं, बाकीचं सोयाबीन देवाच्या भरवशावर. आई म्हणाली, "सगळेच तसं लिवत्यात माय."

मार्चमध्ये मुलीकडचे आले. आम्ही चुलतभावाची स्कॉर्पिओ आणून अंगणात लावली होती. मुलीच्या वडलांनी गाडीकडं ढुंकून पाहिलं नाही. पोहे अर्धे ठेवले आणि म्हणाले, "चला, रान बघू."

बोअरपाशी उभं राहून म्हणाले, "चालू करा बरं मोटर."

आधी तांबडं गढूळ पाणी आलं, मग दोन इंची धार लागली. आमच्या दादांचा चेहरा खुलला. पाहुणे मात्र हलेनात. धारेखाली हात धरून उभे. बारा-तेरा मिनिटांनी पाइपानं उचकी दिली, हवा आली, गुळणी टाकावी तसं थोडं पाणी आलं आणि मग नुसती मोटरीची घरघर. त्यांनी हात रुमालाला पुसले. एक शब्द बोलले नाहीत.

इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी 1975 मध्ये एक कल्पना मांडली : जोडीदार निवडताना ज्या खुणेला खर्च येतो, जी खोटी उभी करणं परवडत नाही, तीच विश्वासाची. कागदावर 'बागायत' लिहायला काय लागतं? गाडी उसनी मिळते. मार्चमध्ये तासभर चालणारी धार उसनी मिळत नाही. त्या गृहस्थांनी झहावींचं नाव ऐकलेलं असायचं कारण नाही. मी मात्र बांधावर उभी राहून मनातल्या मनात ओशाळले, कारण तो शब्द मी टाइप केला होता.

वर्गात मी मोराचंच उदाहरण देते. डार्विननं 1871 मध्ये लैंगिक निवड, म्हणजे जोडीदार मिळवून देणारे गुण पुढच्या पिढ्यांत टिकतात ही कल्पना, सविस्तर मांडली ती अशाच पिसाऱ्यांचा उलगडा करायला, आणि पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य असल्यानं पोरांना मोर नवा नाही. पण लग्नाच्या बाबतीत हे उदाहरण फसवं आहे असं मला आता वाटतं. मोर पिसारा मिटला की चालता होतो. अंडी, पिल्लं सगळं लांडोरीवर. माणसाचं लेकरू वर्षानुवर्षं दोघांनाही पुरून उरतं.

त्यापेक्षा आमच्या विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची वस्ती बघावी. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. टोपीएवढा झाला की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडला तर तो खालची नळी विणून खोपा पुरा करतो, नाहीतर तसाच सोडतो. सुहेल कादर यांनी या पाखरांचा अभ्यास केला, तेव्हा मादी विणकामापेक्षा जागेला जास्त भाव देते असं दिसलं : उंचावर आहे का, काटेरी झाड आहे का, फांदी जाड आहे का. म्हणजे स्कॉर्पिओ नाही, बोअर.

डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1989 मध्ये 37 समाजांतल्या 10,047 जणांची पाहणी छापली. बायका नवऱ्याच्या कमाईकडं जास्त बघतात, पुरुष तरुण आणि देखण्या बायकोकडं, एवढंच त्यातलं लोकांच्या तोंडी राहिलं. पारावरही तेच, "पोरींना नोकरीवालाच पायजे." त्याच पाहणीत बायका आणि पुरुष दोघांच्याही यादीत मायाळूपणा आणि हुशारी वर होती, ते कुणी सांगत नाही. पुढं 1999 मध्ये ॲलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. जिथं बायकांना बरोबरीची संधी जास्त, तिथं कमाईकडं बघण्यातला हा फरक कमी भरला.

मुलगी भावाशी गच्चीवर दहा मिनिटं बोलली. ती पोलीस भरतीची तयारी करते. रात्री तो मला म्हणाला, "अक्का, तिनं उत्पन्नाचं इचारलंच नाही. म्हणली, उन्हाळ्यात पाणी कोण भरतं?"

"मग?"

"म्हणलं, आई. तर म्हणली, आणि आई थकल्यावर?"

तो गप्प बसला होता. खोटं बोलला नाही, याचं मला बरं वाटलं.

गावात म्हणतात पोरींचे भाव वाढले. 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 894 मुली होत्या. ती पिढी आज लग्नाची आहे. 2011 ला तो आकडा 807 वर आला, म्हणजे पुढच्या पोरांचे हाल याहून वाईट. मुली मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्यांतल्या कुणी कधी कुणाला तपासणीला नेलं होतं, हे गावाला पाठ असतं. बोलत कुणी नाही.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला. पोरगा चांगलाय म्हणाले, पण... त्या 'पण'च्या पुढं आईनं ऐकून घेतलं नाही, फोन माझ्याकडं दिला.

बायोडेटा मी बदलला. बागायत 2, कोरडवाहू 4. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मे महिन्यात माझी मुलगी गावाकडं राहिली होती. विहिरीत पडलेला एक जुना खोपा भावानं बादलीनं काढून तिला दिला. तिनं उलटापालटा करून बघितला.

"मामा, याला खालची नळीच नाही."

"मालकीण आली नसंल," तो म्हणाला आणि मोटरीकडं गेला. लाईट आली होती.