रॅम्प टिकला, पण पाणी दगडांखाली गेलं

मासे वर चढावेत म्हणून आपण कॉजवेच्या पाइपाच्या मोरीखाली, व्हाळात (ओढ्यात) रचलेला दगडांचा रॅम्प मिरगाच्या पहिल्याच लोंढ्यात वाहून जाणार, अशी पैज लावणाऱ्यांनी आता चहा-भजी पाजावीत. मोरीच्या तोंडापासून खालच्या कोंडीपर्यंत (डोहापर्यंत) रचलेल्या कमानींतला एकही मोठा दगड हललेला नाही. काळा दगड, निम्मा तळात पुरलेला, कमानीचा माथा प्रवाहाच्या वरच्या अंगाला. टिकणारच होता. स्वस्त पडतात म्हणून चिरे घाला म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, जांभा घराच्या भिंतीत शोभतो. व्हाळात त्याची धार दोन पावसांत झिजते.

आता रडगाणं. लोंढा ओसरला, उघडीप पडली आणि बघतो तर रॅम्प चक्क कोरडा! मोरीतून पाणी पडतंय, पहिल्या कमानीशी गडप होतंय आणि थेट कोंडीत बुडबुडत वर येतंय. वाडीतले आबा काठावर उभे राहून म्हणाले, "पाणी दगडांखालसून जाता, मग मासो काय उडान जातलो?"

एरवी अशा फटी व्हाळच भरतो. पुराबरोबर बजरी, वाळू, गाळ येतो, फटीत बसतो आणि पाणी वर येतं. आपल्याकडे ते का होईना, याचं उत्तर कॉजवेच्या वरच्या अंगाला सापडलं. पुराच्या वेळी तीन मीटर पसरणाऱ्या व्हाळाला आपण ९०० मिलिमीटरच्या एका ह्यूम पाइपातून (सिमेंटच्या गोल नळातून) जायला लावतो. पाणी वर तुंबतं, संथ होतं आणि बजरी तिथेच टाकून देतं. तिचा ढीग कमरेएवढा झालाय. खाली येतं ते उपाशी पाणी, जे तळ भरायचा सोडून उलट खरवडतं. मोरीच्या तोंडाशी गुडघाभर पडी (तळ खचून पाणी उंचावरून पडणं) झाली ती त्यामुळेच.

मग काय, घमेली उचलली. वरची बजरी खाली आणली. आधी मूठभर गोटे, मग बजरी, शेवटी जाड वाळू, आणि प्रत्येक थर पहारीने ठासून. माती मुद्दाम टाळली. मासे वर चढण्याच्या दिवसांत खाली गढूळ पाणी सोडायचं नव्हतं. बारीक वाळू धरून ठेवायला प्रत्येक कमानीच्या वरच्या अंगाला काथ्याची जाळी घातली. ७०० जीएसएमची (चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची) मागवली होती, हातात पडली ती नजरेलाच ४०० ची. पुरवठादार म्हणतो, "ओली झाली की फुगते." त्यामुळे दुहेरी अंथरावी लागली. पुढच्या वेळी नमुना बघितल्याशिवाय पैसे नाहीत. काथ्या काही वर्षांत कुजेल, तोवर व्हाळाचा स्वतःचा गाळ बसलेला असेल.

संध्याकाळपर्यंत पाणी दगडांवरून वाहायला लागलं. बोट बुडेल इतकंच, पण वरून! आणि अंधार पडता पडता मळये, म्हणजे दगडाला चिकटून चढणारे मासे, आले. तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटायचं, दम घ्यायचा, पुढची उडी. एकामागून एक कमान चढत मोरीच्या तोंडापर्यंत पोचले. तेवढ्यात बॅटरी आणि कोयती घेऊन आलेल्या दोघांना आबांनीच परत पाठवलं.

रस्त्याच्या कामाचं थोडक्यात: उतारावरचे पाणी वळवणारे मातीचे आडवे बांध मोटरसायकलींनी सपाट केले. आता उंचवट्याऐवजी लांब, उथळ खोलगट भाग काढलाय, गाडी सहज जाते आणि लाल पाणी व्हाळापासून बरंच अलीकडे गवतात उतरतं. या भागात हे चैनीचं काम नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडातला शिस्तुरा हिरण्यकेशी २०२० साली नवी जात म्हणून नोंदवला गेला, २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. या कुळातले मासे व्हाळाच्या तळाशी राहतात, गोट्यांच्या फटींत दडतात. फटी लाल मातीने बुजल्या की त्यांचं घरच गेलं.

उरली मोरी. मळये तिच्या भिंतीला चिकटून जातीलही, पण खवळे माशांना त्या गुळगुळीत सिमेंटवरचं वेगवान, पातळ पाणी कापता येत नाही. पाणी मंदावायला आत सिमेंटचे अडसर बसवायचे असं मागे ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की एवढ्याशा पाइपात पाला-काटक्या अडकून कॉजवेच बुडेल. न्यूझीलंडमध्ये शिंपले-शेतीतले झुबकेदार दोर मोरीतून सोडतात. दोराभोवती पाणी मंदावतं आणि लहान मासे, झिंगे त्याच्या आधाराने चढतात. आपल्याकडे प्लॅस्टिक कशाला, काथ्या आहे की! वरच्या टोकाला एकच खुंटी, खालचं टोक मोकळं, म्हणजे काटकी अडकली तरी निसटेल.

खरा इलाज रुंद बॉक्स मोरी, तळाला व्हाळाचेच गोटे. वॉशिंग्टन राज्यात सामन माशांच्या वाटेतल्या मोऱ्यांसाठी तिथल्या आदिवासी जमाती कोर्टात गेल्या आणि २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी होऊन त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. आपण तूर्त ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय.

तेव्हा सिमेंटची गोणी आणू नका. जाड, सैल वळलेला काथ्याचा दोर कुणाकडे असेल तर कळवा, मोरीच्या लांबीपेक्षा हातभर जास्त हवा. दुकानातला घट्ट वळलेला चालणार नाही, त्याला झुबके सुटत नाहीत.